बाराबोरमध्ये काडतूस बसलं, म्हणून ते चालेलच असं नाही: या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यात काटोल, उमरेड, भिवापूरकडे पीकरक्षणासाठी वापरात असलेली बंदूक बरेचदा आजोबांच्या काळातली असते. अशा दुनळीत ७० मिमीचं काडतूस सहज बसतं, नळ्याही नीट मिटतात. घोटाळा तिथेच होतो.

काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. घडी घालून मिटलेलं ७० मिमीचं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं, म्हणून ते जुन्या दुनळीच्या ६५ मिमीच्या चेंबरमध्येही (नळीचा मागचा, काडतूस बसतं तो भाग) मावतं. बार उडताच घडी उघडते ती चेंबरपुढच्या निमुळत्या भागात. वॅड (बारूद आणि छर्‍यांच्या मधलं बूच) आणि छर्‍यांची वाट आवळली जाते आणि मागे दाब चढतो. पहिल्याच बाराला नळी फुटेल असं नाही. धक्का वाढतो, सांधे सैल होत जातात, म्हणून धोका लक्षात यायला उशीर होतो.

नळ्या उतरवून चेंबरखालच्या सपाट बाजूवरची खूण वाचा. २½ इंच म्हणजे ६५ मिमी, २¾ म्हणजे ७०, ३ म्हणजे ७६. खूण पुसट असेल किंवा चेंबर नंतर कोरून वाढवल्याची शंका असेल, तर परवानाधारक कारागिराकडून गेजने मोजून घ्या. लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस चालतं.

वॅड म्हणजे नुसतं बूच नव्हे. ते बारूदाचा वायू मागे रोखून धरतं आणि छर्‍यांना ढकलतं. नमद्याच्या वॅडऐवजी प्लास्टिकचं घातलं, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी दाब बदलतो. असा प्रयोग करूच नका.

आवाज फुसका आला किंवा धक्का जाणवला नाही, तर लगेच थांबा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग काडतुसं काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड आरपार दिसतो का पाहा. अडकलेलं वॅड लाकडी किंवा पितळी गजाने बाहेर ढकला. त्यावर दुसरा बार टाकला तर नळी फुगते किंवा फाटते.

पावसाळ्यात कागदी कवचाचं काडतूस फुगतं. ते ठोकून बसवू नका, बाजूला काढा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात काडतुसं गाडीत ठेवू नका. तापलेल्या बारूदाने दाब वाढतो.

आणि २० बोरची काडतुसं त्याच पिशवीत कधीच नकोत. ते काडतूस १२ बोरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. चेंबर रिकामं वाटून मागे १२ बोरचं भरलं, की हातातच स्फोट. २० बोरच्या काडतुसाचं कवच बहुधा पिवळं असतं, पण रंगावर विसंबू नका, आकडा वाचा.