घरच्या घरी केस रंगवायचेत? मग ट्यूब अर्धीच पिळा

केस रंगवायला खूप खर्च येतो असं आपण म्हणतो पण तो खर्च बऱ्याचदा रंगाचा नसतोच, दर वेळी मुळापासून टोकापर्यंत सगळ्या केसांना रंग फासायच्या सवयीचा असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे मागच्या रंगाला दीड महिना झाला असेल तर खरोखर पांढरा दिसणारा भाग जेमतेम दोन सेंटीमीटरचा. खालच्या केसांवर रंग आहेच की! त्यावर परत अख्खी ट्यूब ओतली की पैसेही जातात आणि टोकं दर खेपेला अजून काळपट, अजून कोरडी होत जातात, मग त्या कोरडेपणासाठी सीरम आणा, मास्क आणा, हे चक्र काही संपत नाही. पर्मनंट रंग फक्त मुळांना, खालच्या लांबीला फक्त जपायचं, एवढं पाळलं तरी बराच खर्च आपोआप कमी होतो.

आता खोक्यात असतं काय ते बघू, कारण ते कळलं की कशावर पैसे टाकायचे आणि कशावर नाही हे आपलं आपल्याला समजतं. एक रंगाचं क्रीम आणि एक डेव्हलपर. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यावर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं, म्हणजे अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के. क्रीममधला अमोनिया केस फुगवतो, रंगाचे बारीक रेणू आत शिरतात, तिथे पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मोठे झाले की बाहेर पडता येत नाही, म्हणून हा रंग धुतल्याने पटकन जात नाही. अमोनिया-फ्री लिहिलेल्या खोक्यात बहुतेक वेळा त्याच कामासाठी इथेनॉलअमाईन असतं, वास कमी येतो हे खरं पण केमिकल नाही असं मुळीच नाही, त्यामुळे फक्त त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पांढरे केस झाकायला २० व्हॉल्यूम पुरतो. जास्त स्ट्राँग डेव्हलपर घेतला की रंग जास्त पक्का बसतो हा गैरसमज आहे, तो तुमचा मूळ रंग जास्त उडवतो इतकंच, आणि ४० ला तर घरी हातच लावू नका.

खोकं घेण्यापेक्षा क्रीमची ट्यूब आणि डेव्हलपरची बाटली वेगवेगळी घेतलेली परवडते. ट्यूबवर प्रमाण लिहिलेलं असतं, कुठे एकास एक, कुठे एकास दीड, कुठे एकास दोन, ते डोळ्यांच्या अंदाजाने नाही तर छोट्या वजनकाट्यावर मोजायचं. मुळांपुरतं रंगवायला साठ ग्रॅमच्या ट्यूबमधली अर्धी बहुतेकांना पुरते, दाट केस असतील तर थोडी जास्त. उरलेल्या ट्यूबमधली हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचं, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायची, पुढच्या वेळी कामाला येते. पण एकदा मिसळलेला रंग मात्र कधीही साठवायचा नाही, कितीही जीवावर आलं तरी! एक तर त्याची ताकद तासाभरात संपते आणि दुसरं म्हणजे आत गॅस तयार होत राहतो, बंद बाटली फुटू शकते. खोकंच आणलं असेल तरी सगळं त्यांच्या बाटलीत ओतून हलवायचं नाही, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत पाहिजे तेवढंच काढून मिसळा. धातूची वाटी नको.

शेड निवडताना खोक्यावरच्या बाईचे केस बघू नका, नंबर बघा. पहिला आकडा म्हणजे रंग किती गडद, १ म्हणजे काळा, ३ डार्क ब्राउन, ५ लाइट ब्राउन, १० म्हणजे एकदम फिकट सोनेरी. पॉइंटनंतरचा आकडा म्हणजे झाक, ती कंपनीगणिक बदलते पण .१ ऍश आणि .३ गोल्ड हे बऱ्याच ठिकाणी सारखं असतं. काळ्या केसांवर ६ किंवा ७ नंबर लावून कॅरॅमल रंग येणार नाही, काळे केस फार तर किंचित तांबूस होतील आणि पांढरे मात्र चकचकीत वेगळे दिसतील. आधी रंगवलेल्या केसांवर फिकट शेड लावून तर काहीच होत नाही, रंग रंगाला उडवत नाही हा पार्लरमधला पहिला धडा आहे. दोन शेडमध्ये अडकलात तर फिकट घ्या, कारण घरी लावलेला रंग खोक्यापेक्षा गडदच दिसतो, आणि फिकटावरून गडद करणं सोपं असतं, उलटं फार अवघड. अजून एक, पांढरे केस निम्म्याहून जास्त असतील आणि तुम्हाला लालसर रंग हवाय तर त्याच नंबरचा नॅचरल शेड निम्मा मिसळा, नाहीतर पांढऱ्या केसांवर नुसता लाल इतका भडक येतो की विचारू नका.

पॅच टेस्ट. हो, माहितीये की कोणी करत नाही. पण पर्मनंट रंगात पीपीडी नावाचं द्रव्य किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतोच आणि त्याची ऍलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक सुरू होऊ शकते, म्हणून नेहमीचा ब्रँड असला तरी दर वेळी ४८ तास आधी थोडा रंग खोक्यावर सांगितलं असेल तसा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. खाज, पुरळ, सूज काहीही आलं तर तो रंग डोक्याला लावायचा नाही. जत्रेत वगैरे अंगावर काढतात त्या तात्पुरत्या काळ्या टॅटूने ज्यांना कधी फोड आले असतील त्यांनी हा रंग टाळलेलाच बरा, त्या काळ्या रंगात बऱ्याचदा हेच पीपीडी असतं. रंगवल्यानंतर पापण्या सुजल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टर, उद्या बघू असं नाही. आणि भुवया-पापण्यांना हा रंग कधीच नाही, डोळे जायची भीती असते.

मेंदी हा स्वस्त पर्याय आहेच पण तिथेही पुडीवर मागे काय लिहिलंय ते वाचा. शुद्ध मेंदी पांढऱ्या केसांना फक्त नारिंगी-तांबडा रंग देते, बाकी कुठला देऊच शकत नाही. काळी मेंदी म्हणून मिळणारी पावडर तासाभरात केस काळे करत असेल तर त्यात बहुधा पीपीडीच आहे. खरोखर वनस्पतीचा काळा रंग हवा असेल तर दोन पायऱ्या आहेत, आधी मेंदी भिजवून काही तास ठेवून लावायची, धुवायची, मग नीळ म्हणजे इंडिगो पावडर कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची, ती मेंदीसारखी रात्रभर भिजवून ठेवली की वाया जाते. धुतल्यावर रंग हिरवट किंवा विचित्र वाटला तर घाबरू नका, पुढच्या एक-दोन दिवसांत तो गडद होत जातो. वेळखाऊ आहे, सांडासांड होते, सगळं मान्य, पण पैशाच्या मानाने टिकतो भरपूर. फक्त काही तयार मेंदी पावडरींत धातूंचे क्षार घातलेले असतात आणि त्यावर नंतर पेरॉक्साइडवाला रंग लावला तर केस तापून जळाल्यासारखे होऊ शकतात. तुम्ही आधी काय लावलंय याची खात्री नसेल तर कंगव्यात आलेले केस घेऊन मिसळलेल्या रंगात घालून बघा. वाटी गरम झाली किंवा केस चिकट झाले तर थांबा.

आता प्रत्यक्ष लावायचं. त्या दिवशी केस धुवू नका, आदल्या दिवशी धुतलेले चालतील, टाळूवरचं तेलकटपण थोडी जळजळ वाचवतं. टाळूवर जखम, ओरखडा असेल तर काम पुढे ढकला. जुना टी-शर्ट घाला, हातमोजे घाला, कपाळाच्या कडेने, कानांवर आणि मानेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, पण केसांवर येऊ देऊ नका, तिथे रंग चढत नाही. मध्ये भांग आणि कानापासून कानापर्यंत एक आडवी रेघ असे चार भाग करून क्लिपा लावा. सुरुवात कानशिलं आणि भांगेपासून, कारण तिथले पांढरे केस सगळ्यात हट्टी असतात आणि त्यांनाच जास्त वेळ मिळायला हवा.

ब्रशच्या मागच्या टोकाने अर्ध्या सेंटीमीटरची बट उचलायची, तिच्या मुळाशी रंग जाडसर ठेवायचा (चोळायचा नाही, ठेवायचा), बट पलटून मागच्या बाजूला परत ठेवायचा, की ती बट बाजूला टाकून पुढची. जुना रंग जिथे सुरू होतो तिथे ब्रश थांबला पाहिजे, हात आपोआप खाली ओढतो, तेवढं सांभाळा. पूर्ण लावून झालं की मग टायमर लावा. पांढऱ्या केसांना साधारण ३० ते ३५ मिनिटं लागतात पण खोक्यावर लिहिलंय तेच खरं, जास्त ठेवल्याने जास्त पक्का होत नाही. मधे एकदा कानशिलाजवळची एक बट टिश्यूने पुसून बघा, पांढरं चमकत असेल तर तिथे अजून थोडा लेप द्या. खालची लांबी फारच भुरकट झाली असेल तरच शेवटच्या पाच मिनिटांत डोक्यावर थोडं पाणी शिंपडून रंग फेसाळवा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने खाली ओढा. मग कोमट पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि कंडिशनर लावा. कातडीवर डाग पडलाच तर लगेच तेलाच्या बोळ्याने पुसा, वाळल्यावर तो दोन दिवस बसतो.

हे सगळं मुळांच्या टचअपचं झालं. पहिल्यांदाच आणि केस थोडे फिकट करायला लावत असाल तर क्रम उलटा, आधी लांबीला, मुळांना शेवटी, कारण टाळूच्या उष्णतेने मुळं लवकर रंग पकडतात आणि वर उजळ, खाली काळोख असं विचित्र दिसतं.

रंग टिकवायला महाग काही लागत नाही. शाम्पू फक्त टाळूला, मगमध्ये पाणी घालून पातळ करून, लांबीवरून तो वाहत गेला तरी पुरे. कंडिशनर उलट, टाळू सोडून लांबीला. कडकडीत पाण्याने रंग लवकर उतरतो, कोमट वापरा. रंगवल्यावर पहिले एक-दोन दिवस केस धुवायचं टाळा. कंडिशनर स्वस्तातला की महागातला हे ठरवायला बाटलीच्या मागची यादी बघा, त्यात घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, अगदी थोडे असलेले शेवटी कसेही. वरच्या पाच-सहा नावांत सेटेअरिल अल्कोहोल (हे केस कोरडं करणारं अल्कोहोल नाही, मऊ करणारं आहे), बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रायमोनियम क्लोराइड, डायमेथिकोन असं काही दिसलं की काम झालं, मग पुढच्या लेबलवर केराटिन आणि अजून काय काय मोठ्या अक्षरात छापलंय आणि यादीत सुगंधाच्याही खाली बसलंय, त्याचे पैसे कशाला द्यायचे.

तेलाचं म्हणाल तर धुण्याआधी खोबरेल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिन्ही तपासली होती आणि केसांतलं प्रोटीन कमी जातं ते फक्त खोबरेलाने असं दिसलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. थेंब-थेंब लांबीला लावा, तेल थपथपून ठेवलं की ते काढायला दुप्पट शाम्पू लागतो आणि त्यात रंगही जातो, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

मधल्या आठवड्यांत लांबीचा रंग फिका वाटला तर परत डाय करू नका. पेरॉक्साइड नसलेला सेमी-पर्मनंट टिंट मिळतो, तो चमचाभर साध्या कंडिशनरमध्ये मिसळून दहा-पंधरा मिनिटं लांबीला लावा. केसाला इजा नाही, छोटी बाटली पुष्कळ दिवस जाते. मात्र पांढरे केस यात पूर्ण झाकले जात नाहीत, नुसता रंगाचा हात बसतो, आणि टॉवेल गडद रंगाचा घ्या.

बेकिंग सोडा डोक्याला लावू नका, तो अल्कधर्मी आहे, केसांचे खवले उघडतो आणि रंग गळतो. लिंबू चोळून उन्हात बसणंही नको. फाटे फुटलेली टोकं कुठल्याच क्रीमने परत जुळत नाहीत, क्रीम ती तात्पुरती चिकटवतं, त्यापेक्षा कात्री घेऊन अर्धा इंच कापलेलं स्वस्त. ओले केस सगळ्यात कमजोर असतात तेव्हा टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती टी-शर्टमध्ये गुंडाळा, आणि गुंता टोकाकडून वर सोडवत या.

आणि रंग हवा त्यापेक्षा गडद आलाच तर त्यावर फिकट खोकं आणून लावू नका, वर सांगितलंच आहे त्याने काही होत नाही. पहिल्या आठवड्यात कोंड्याच्या शाम्पूने दोन-चारदा धुतलं की बऱ्यापैकी उतरतो, दर वेळी नंतर कंडिशनर भरपूर. तरी नाही उतरला तर ब्लीच लागेल, आणि रंगवलेल्या केसांवरचं ब्लीच हे एक काम मी घरी करा असं सांगणार नाही, वर्षभर ट्यूब अर्धी-अर्धी वापरून वाचवलेले पैसे तिथे खुशाल घालवा.