सशाची प्रकृती आणि रक्ततपासणीचा अहवाल

ससा दुखणे लपवतो. तो सुस्त दिसू लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून दर आठवड्याला त्याला टोपलीत बसवून स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करावे आणि वहीत लिहून ठेवावे. पिंजरा झाडताना लेंड्या रोज पाहाव्यात: त्या गोल, एकसारख्या आणि चुरडल्यावर गवताच्या भुशासारख्या सुटणाऱ्या असाव्यात; लहान, कडक किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या, तर वाळलेले गवत वाढवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गवताला लवकर बुरशी धरते, तेव्हा कुबट वासाची पेंढी सरळ टाकून द्यावी. ससा १० ते १२ तास काहीच खात नसेल, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठावे.

अहवालात आकडे वाढलेले दिसले की पोटात गोळा येणे साहजिक आहे. परंतु सशाच्या रक्तातील कॅल्शियम मुळातच कुत्र्या-मांजरांपेक्षा जास्त असते व आहारानुसार बदलते, आणि प्रवासाच्या किंवा हाताळणीच्या भीतीने साखरही वाढते. आपल्याकडे दवाखान्यांत गाई-म्हशी आणि कुत्रीच अधिक येत असल्याने, आकड्याशेजारी छापलेली सामान्य मर्यादा सशाचीच आहे ना, हे आवर्जून विचारावे. लालसर लघवी पानांतील रंगद्रव्यांमुळेही होते, तरी तिची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले असतील, तर फेरतपासणी कधी करायची आणि तोवर पाणी किती पोटात जायला हवे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रक्त देण्यापूर्वी सशाला उपाशी मात्र ठेवू नये.