रस्ता, पूल, मेट्रोच्या प्रोजेक्टचं डिझाईन करताय? मग आधी हे वाचा

अशा प्रोजेक्टसाठी लोकांना दाखवायचे बोर्ड, नकाशे आणि चित्रं करायचं काम हातात आलं की लगेच सॉफ्टवेअर उघडून बसू नका, आधी विचारा की हे बघणारा माणूस कुठे असणार, चालत असेल की गाडीत, आणि त्याच्याकडे वेळ किती. ताशी 60 किमीने चाललेली गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते, मग वळवलेल्या रस्त्याच्या बोर्डवर पाच ओळी कोण वाचणार? बाण आणि गावाचं नाव, बास. अक्षराची उंची ढोबळमानाने वाचायच्या अंतराच्या दर 9 मीटरला 2.5 सेंमी अशी धरतात, पण हा हिशोब रोमन अक्षरांचा आहे, देवनागरीत वर मात्रा खाली उकार आणि मधे जोडाक्षरं, त्यामुळे अजून मोठं घ्या आणि दोन ओळींत जागा सोडा.

खरं काम नकाशात आहे. इंजिनियरकडून ऑटोकॅडचं ड्रॉइंग येतं, त्यात चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), लेव्हल (उंचीचे आकडे), केबल, ड्रेनेज सगळं एकावर एक असतं, आणि बरेच जण त्यातच रंग भरून ते जनसुनावणीला लावतात. कृपया असं करू नका. लोकांना एवढंच बघायचं असतं की माझं घर कुठे, माझा जायचायायचा रस्ता बंद होणार का, आणि किती दिवस. म्हणून ड्रॉइंगमधले नको ते लेयर, म्हणजे थर, बंद करा, शाळा, दवाखाना, चौक अशी ओळखीची ठिकाणं ठळक करा. आणि नकाशा जागेवर उभा करायचा असेल तर वर उत्तर दिशा ठेवायचा हट्ट सोडा, बघणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला पाहिजे.

हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने केलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा 1933 साली प्रवाशांच्या हातात आला, त्यात रेघा आडव्या, उभ्या नाहीतर 45 अंशात, खरं अंतर त्याने सोडूनच दिलं कारण प्रवाशाला गाडी कुठे बदलायची तेवढंच हवं असतं. पण ही युक्ती फक्त प्रवासाच्या नकाशाला! भूसंपादनाच्या नकाशात एक रेघसुद्धा सोयीसाठी सरळ करायची नाही, तिथे कुणाची तरी भिंत जाणार असते.

‘आधी आणि नंतर’ची चित्रं एकाच जागेवरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून दाखवा. पुलाचे खांब झाडांमागे लपवू नका आणि कालच लावलेलं रोप एकदम मोठा वृक्ष म्हणूनही दाखवू नका, लोक ते चित्र लक्षात ठेवतात आणि उद्या तिथेच राहणार असतात.

मार्ग फक्त रंगाने वेगळे करू नका, लाल-हिरवा फरक न दिसणारे बरेच जण असतात, सोबत नंबर किंवा चिन्ह द्या. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत 1969 पासून प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे, वाचता न येणाऱ्यालाही उतरायचं कुठे ते कळतं.

प्रिंटची फाईल व्हेक्टरमध्ये द्या म्हणजे कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, आणि फॉन्ट आउटलाईन करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका. एक बोर्ड खऱ्या आकारात छापून भिंतीला लावा आणि प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या माणसाला लांबून वाचायला सांगा, तो जिथे अडखळेल ते दुरुस्त करा. आणि प्रत्येक नकाशावर तारीख आणि आवृत्तीचा नंबर घालाच, कारण अलाइनमेंट, म्हणजे मार्गाची आखणी, बदलते आणि जुना नकाशा व्हॉट्सअॅपवर फिरतच राहतो.