ट्रिल अडखळते? किल्ली फिरवून बघा

पियानोवर ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजवणं, धरली की दोन-तीन सेकंदांत हात दगड व्हायचा. बोटांत जोर नाही असं वाटायचं. खरं तर मनगटच आपल्या सोलापुरी कडक भाकरीसारखं ताठ असायचं.

आता असं करतो:

१. दुसरं-तिसरं बोट सोडून पहिलं-तिसरं (अंगठा आणि मधलं) लावा. मग बोटं न उचलता, कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापुढचा हात किंचित डावी-उजवीकडे फिरवा. अगदी किंचित. बाहेरून बघणाऱ्याला कळलं तर जास्त झालं.

२. बोटं पट्टीला चिकटूनच ठेवा. मात्र अपराइटवर (उभ्या पियानोवर) पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय स्वर पुन्हा वाजत नाही. ग्रँडवर (आडव्या, मोठ्या पियानोवर) थोडी सूट मिळते.

३. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. डाव्या हाताचा एक स्वर, तेवढ्यात उजव्याचे चार. मोझार्टच्या काळातल्या रचनांत ट्रिल बहुधा वरच्या स्वरापासून सुरू होते, म्हणून पहिला ठोका वरच्याच स्वरावर घ्या. चार जमले की सहा, मग आठ. मोजलेली ट्रिलच पुढे मोकळी वाटते. नुसती घाई केली की शेवटचे दोन स्वर हमखास सांडतात.

मे महिन्यात दुपारी बसत असाल तर सुती रुमाल जवळ ठेवा, घामाने अंगठा घसरतो.

कोपराखाली जळजळ सुरू झाली की तिथेच थांबा. ती रेटून ट्रिल सुधारत नाही, हात दुखावतो.