ब्रिटनमध्ये स्वस्तातली जुनी डिझेल इस्टेट (मागे लांब डिकी असलेली गाडी) घेताना

लंडनमध्ये गाडी न्यायची असेल तर आधी युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) बघा. सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेल्या बहुतेक डिझेल गाड्या त्यात बसतात. नाहीतर यूलेझचे, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राचे, रोजचे साडेबारा पौंड, आणि स्वस्त गाडी तिथेच महाग पडते.

नंबर टाकून सरकारी वेबसाइटवर एमओटीचा (गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा) इतिहास काढा, फुकट आहे. मैल दरवर्षी चढत गेलेत ना, गंजाचे तेच शेरे परत येतायत का, वाचा.

स्कोडाच्या ऑक्टाव्हिया टीडीआय या डिझेल गाडीला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) असतो. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा; तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), वॉटर पंप एकदमच बदलायचे. तो खर्च किमतीतून कापून घ्या.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. बॉनेट कोमट लागलं तर विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलेलं असू शकतं, थंड असताना सुरू होण्यातला दोष लपवायला. एक्झॉस्टच्या तोंडात आतून बोट फिरवा: जाड काजळी आली तर डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) काढलेला किंवा फुटलेला असू शकतो, आणि काढलेला असेल तर एमओटी नापास. गाडी फक्त गावात शाळा-दुकान फिरलेली असेल तर हा फिल्टर तुंबू शकतो. डिकीचा तळ उचलून स्टेपनीच्या खळग्यात पाणी आहे का तेही बघा.