कॉलेजच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गेमिंग रूम करायचीय? आधी हे वाचा

पहिलं म्हणजे रंग, एलईडी, पोस्टर यांच्या मागे लागू नका, आधी भिंतीला हात लावून बघा. आमच्याकडे बंद पडलेलं वर्कशॉप मिळालं होतं, पोपडे खरवडून नुसता रंग मारला आणि जुलैत सगळी ओल परत वर आली, म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यातच उरकून घ्या.

मग लाईट. खरा खर्च इथेच आहे आणि इथे काटकसर नकोच. एक गेमिंग पीसी मॉनिटरसकट जोरात चालला की ५०० वॅट सहज खातो, म्हणजे दहा पीसी धरले तर ५ किलोवॅट, आणि एसीचा लोड वेगळाच. जुन्या वायरिंगवर हे टाकायचंच नाही. वेगळा डीबी (वीज वाटून देणारा बोर्ड), तीन-चार पीसीमागे एक एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ती ५ किलोवॅट वीज शेवटी उष्णताच होते, त्यासाठीच दीड टन एसी लागतो, वर माणसांची गरमी, म्हणून दोन टनाच्या खाली जाऊ नका.

नेट वायफायवर नको, प्रत्येक टेबलला कॅट ६ म्हणजे नेटची वायर ओढा, फरशी बसायच्या आधी.

दारात पायरी असेल तर रॅम्प कराच, व्हीलचेअरवरच्या मित्रालाही खेळायचं असतं.

प्रिन्सिपल सर नाही म्हणाले तर सांगा, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा मंत्रालयाकडे दिलंय, आणि चीनमधल्या हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्याला मेडलही होती.