एओनियम टॅब्युलिफॉर्मे: कड्यावरचं सक्युलंट कुंडीत कसं जगवावं

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफे हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. त्याच्या उत्तरेकडच्या कड्यांवर, कपारीत एओनियम टॅब्युलिफॉर्मे हे सक्युलंट, म्हणजे मांसल पानांत पाणी साठवणारं झाड, उगवतं. कूळ आपल्या पानफुटीचंच, पण खोड जवळपास नाही. पानांवर पानं बसून झालेलं ताटासारखं सपाट चक्र. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून ते थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात झोपतं. आपल्याकडे पाऊस नेमका ते झोपलेलं असताना पडतो, सगळी गंमत इथेच आहे.

रोप दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर हीट ओसरल्यावर आणा. पावसाळ्यात स्वस्त मिळालं तरी नको.

आधी माती. टेनेरिफेचा खडक बसाल्ट, सह्याद्रीही बसाल्टचाच, म्हणून काळी माती घालायचा मोह होतो. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. त्यापेक्षा धुतलेली बारीक खडी किंवा पर्लाईट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) निम्मं आणि उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जुनं शेणखत घ्या. कुंडी मातीची, उथळ, तळाला भोक असलेली.

आता मुख्य गोष्ट: रोप तिरकं लावा. कड्यावर ते जवळपास उभ्या भिंतीला चिकटून वाढतं, त्यामुळे पानांवर पाणी साचत नाही. कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवा. दिसतं विचित्र, पण याला तोड नाही.

थंडीत सकाळचं कोवळं ऊन द्या. वरची माती सुकली की कडेने पाणी घाला, चक्राच्या मध्यावर नाही. मार्चपासून बाहेरची पानं वाळतील, चक्र आक्रसेल. घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा आणि दुपारच्या उन्हातून हलवा. जून ते सप्टेंबर छपराखाली, वाऱ्यावर. कोकणात हे चार महिने अवघडच जातात. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा.

काही वर्षांनी चक्राचा मध्य शंकूसारखा वर येतो आणि पिवळ्या फुलांचा तुरा लागतो. फुलून झालं की रोप मरतं, आणि बहुधा बाजूला पिल्लंही सोडत नाही. म्हणून तुरा पूर्ण वाळू द्या, मग कागदावर झटका. बी धुळीइतकं बारीक असतं. थंडीत ओलसर मिश्रणावर नुसतं भुरभुरा, वर माती टाकू नका, आणि पाणी फवाऱ्यानेच द्या.